पिवळ्या मुठीची कैफियत

मी एक जुनी मूठ आहे, मित्रांनो. तलवारीची नव्हे, तेव्हा उगाच सरसावून बसू नका. सायकलच्या हँडलची मूठ. आणि तीही दुकानात मिळणाऱ्या रबराची नव्हे, एका बाईनं दारात बसून हातानं गुंडाळलेली. खरं म्हणजे आम्ही दोघी आहोत, एक डाव्या हाताची आणि एक उजव्या. डावी पहिल्यापासून अबोल. घंटी तिच्या शेजारी होती, त्यामुळं आवाज करायचं काम तिनं घंटीवरच सोपवलं असावं. म्हणून सगळं मला एकटीला सांगावं लागतंय. आणि आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलणार नाही. माझ्या मनात राग आहे आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

माझा जन्म चिंबळीचा. चाकणहून पुण्याकडं निघालं की इंद्रायणीच्या अलीकडं हे गाव लागतं. तिथं कोंडाजी नावाच्या माणसाच्या घरामागं एक पत्र्याची खोली होती आणि त्या खोलीत ज्योतीराम आणि त्याची बायको कस्तुरा भाड्यानं राहत होती. नवराबायको बार्शीकडची. भोसरीत तेव्हा नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. हाताला काम मिळतं म्हटल्यावर लांबलांबून माणसं येत होती, तशीच हीही आली. ज्योतीरामला एका ओतकामाच्या कारखान्यात नोकरी लागली. कोंडाजीही तिथंच, पण साचे भरायच्या खात्यात.

ज्योतीरामचं काम असं होतं. ओतलेला लोखंडी भाग साच्यातून निघाला की त्याच्या कडांना जास्तीचं लोखंड चिकटून राहतं. ते हवेवर चालणाऱ्या छिन्नीनं तोडायचं. ही छिन्नी हातात धरली की अशी थडथडते की दात वाजावेत. पाळीभर ती धरायची, पोटाशी दाबून धरायची, आणि भोंगा झाला की ठेवून द्यायची. ती थांबते हो, पण हातातली थरथर थांबत नाही. पहिल्या वर्षी ज्योतीरामच्या बोटांना नुसत्या मुंग्या यायच्या. पुढं थंडीत बोटांची टोकं पांढरीफटक पडायला लागली. मग सदऱ्याची बटणं लागेनात, ती कस्तुरा लावून द्यायची. चहाचा कप उचलला की बशीत चहा सांडायचा, म्हणून कॅन्टीनमध्ये तो कप टेबलावरच ठेवून वाकून प्यायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या खात्यात सगळ्यांनाच थोडंफार होत होतं आणि सगळेच लपवत होते. कारण साधं होतं. हात गेला हे सुपरवायझरला कळलं की नोकरी गेली.

आता सायकलीचं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळंच झाला. सायकल एकच होती आणि ज्योतीराम नि कोंडाजी या दोघांनी मिळून घेतली होती. दोघांच्या पाळ्या नेहमी उलट्यासुलट्या असायच्या. पहिल्या पाळीला पहाटे निघावं लागतं, तेव्हा एस्टी नसते. दुसरी पाळी सुटते तेव्हाही एस्टी नसते. भर दुपारी मात्र एस्टी मिळते. म्हणून पहाटे जाणारा सायकलीवर जायचा, दुपारी गेटवर ती दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि आपण एस्टीनं परत यायचा. मग दुसरा काम संपवून सायकलीवर घरी. असं त्यांचं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. कुणी कधी म्हटलं नाही की तू ब्रेक झिजवलास किंवा तू चिखलात घातलीस.

एकदा दुसऱ्या पाळीनंतर येताना ज्योतीरामला ब्रेक दाबला गेला की नाही हेच कळलं नाही. हात बधिर झालेला, आणि वसाहतीतल्या रस्त्यावर नुसती खडी अंथरलेली, तिच्यावरून हँडल कडाकडा हादरत होतं. गडी सरळ चरात गेला. गुडघे फोडून घरी आला. दुसऱ्या दिवशी कस्तुरानं पंक्चरवाल्याकडून एक फाटकी ट्यूब मागून आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि हँडलच्या दांडीवर ताणून बसवल्या. त्यावर जुन्या घोंगडीचा तुकडा. आणि सगळ्यांत वर, खाटेला विणतात ती सुती नवार. ती तिच्याकडं उरलेली होती, पिवळीधमक, हिरव्या काठाची. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा चढवत तिनं ती घट्ट ओढून गुंडाळली आणि शेवट मेणाच्या दोऱ्यानं शिवला. अशी मी झाले.

ज्योतीरामनं मला पहिल्यांदा धरलं तो दिवस मी विसरणार नाही. खडीचा रस्ता आला. खालून हादरे आले ते मी पोटात घेतले. ट्यूबनं थोडे गिळले, घोंगडीनं थोडे, उरलेले मी. त्याच्या हातापर्यंत फार थोडं पोचलं. त्यानं मोठा श्वास सोडला आणि जन्मात पहिल्यांदा त्या रस्त्यावर गुणगुणायला लागला. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

सायकल स्टँडवर माझी भलतीच चर्चा झाली. तिथं सगळ्या सायकली काळ्या, एकीपासून दुसरी ओळखू येऊ नये अशा, आणि त्यांच्यात मी एकटी पिवळी. कुणी विचारी, ज्योतीराम, सायकलीला स्वेटर घातलंस काय रे? कुणी दाबून बघे. काहींनी घरी जाऊन सुतळी, गोणपाट असं काहीबाही गुंडाळलं, पण पिवळी नवार कुणाकडं नव्हती. पुढं पुढं तर लोक ती सायकल म्हणजे ज्योतीरामची पिवळी मूठ असंच म्हणायला लागले. ती दोघांची आहे हे ज्यांना ठाऊक होतं तेही तसंच म्हणायचे. आणि खोटं का बोलू, मलाही ते आवडायचं. बायकोनं ज्याच्यासाठी केली त्याचंच नाव लागलं, त्यात चूक काय होतं?

कोंडाजीही मला आवडायचा बरं का. त्याचे हात ऊबदार, भक्कम, साचे भरून भरून तळवे कसे दगडासारखे झालेले. पहिल्या दिवशी मला धरून तो कस्तुराला म्हणाला होता की वैनी, तुमी तर गादीच करून दिली. उतारावर तो हात सोडून द्यायचा आणि पुन्हा मला पकडताना मोठ्यानं हसायचा. ज्योतीरामला पोर नव्हतं, कोंडाजीचं धाकटं पोर दिवसभर कस्तुराच्या मागंमागं असायचं. सणावारी ताटं इकडची तिकडं जायची. भाडेकरू आणि मालक असं तिथं काही उरलंच नव्हतं. म्हणून तर मला जास्त लागलं. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते.

मग संप झाला. कारखान्यातली काही माणसं कामावरून काढली होती, त्यांना परत घ्या म्हणून सगळे बाहेर पडले. कामगारांचा पुढारी होता बबनराव नावाचा एक लेथवाला, फिरत्या यंत्रावर लोखंड कातणारा. आवाजाचा मोठा, मनानं वाईट नव्हे. त्यानं सगळ्यांना माळावरच्या खंडोबाच्या देवळासमोर जमवलं. आमच्याकडं शपथ घ्यायची म्हणजे बेलभंडारा उचलायचा. तळहातावर बेलाचं पान, पानावर चिमूटभर हळद, आणि ते वर उचलून देवासमोर शब्द द्यायचा. मिटल्याशिवाय कुणी आत जायचं नाही असा शब्द त्या दिवशी सगळ्यांनी मिळून दिला. कोंडाजीनंही दिला. गर्दीत एकमेकांच्या हाताला हात लागलेले होते, त्यामुळं कुणाचा हात हलला नि कुणाचा नाही हे कुणी बघितलं नाही.

संप लांबला. गेटसमोर मांडव घालून बारी बारीनं लोक बसायचे. ज्योतीराम आणि कोंडाजी सायकलीवर डबलसीट जायचे. पण हळूहळू घराघरांत डबे रिकामे व्हायला लागले. अशातच कारखान्याचा एक माणूस कोंडाजीच्या वडलांना भेटून गेला. कोंडाजीनं आत येऊन साचे भरायला सुरुवात केली तर त्याच्या धाकट्या भावाला कायमची नोकरी लागेल, असं काहीतरी तो सांगून गेला. हे मला कसं कळलं? कोंडाजी बापाशी बोलला ते अंगणात, मला धरून उभं राहूनच. त्याच्या हातांना दरदरून घाम फुटला होता. तो नको नको म्हणत होता, हेही सांगायला पाहिजे.

दोनतीन दिवसांनी ज्योतीराम तापानं फणफणला. कस्तुरा त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. पहाटेच कोंडाजी दारात आला, म्हणाला, दिघीला बहिणीकडं जाऊन येतो, सायकल नेतो. ज्योतीरामनं आतूनच ने म्हणून सांगितलं. आम्ही निघालो. भोसरी आली. दिघीचा फाटा आला आणि मागंही पडला. मी मनात म्हणते, अरे, वळ की! तो वळला नाही. लांबचा वळसा घालून मागच्या तारेच्या कुंपणापाशी गेला. तिथलं छोटं दार उघडं ठेवलेलंच होतं.

त्यानं मला आतल्या सायकल स्टँडवर लावलं. नेहमी जिथं पाय ठेवायला जागा नसायची तिथं त्या दिवशी मोजक्या सायकली. कोंडाजीच्या खांद्यावर पंचा होता. तो हँडलवर टाकला असता तर मी दिसले नसते. त्यानं टाकला नाही. विसरला की मुद्दाम टाकला नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. डावीलाही विचारून बघितलं. ती काही बोलत नाही.

संपातला एक फिटर कुंपणाबाहेरच्या मातीच्या ढिगावर चढून आत डोकावत होता. त्याला माणूस दिसला नाही. त्याला मी दिसले. झालं! मांडवात बातमी पोचायला किती वेळ लागतो? ज्योतीराम फितूर झाला, पिवळी मूठ आत उभी आहे. संध्याकाळी आम्ही परत आलो, सायकल नेहमीच्या जागी भिंतीला टेकली गेली, आणि थोड्याच वेळात अंगण माणसांनी भरलं.

ज्योतीराम घोंगडी पांघरून दारात आला. त्याला आधी कळेचना काय चाललंय. कळलं तेव्हा तो हसला. म्हणाला की मी तर दिवसभर अंथरुणात आहे, सायकल कोंडाजीनं नेली होती, तो दिघीला गेला होता, त्यालाच विचारा. आणि मोठ्या विश्वासानं त्यानं कोंडाजीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

कोंडाजी ओट्यावर उभा होता. त्याचा बाप त्याच्या मागं.

"मी दिघीला एस्टीनं गेलतो," कोंडाजी म्हणाला. "सायकल त्याच्यापाशीच व्हती."

मित्रांनो, मी तिथं होते. त्याच्या हाताचा घाम अजून माझ्या अंगावर वाळला नव्हता. ओरडून सांगावंसं वाटलं. पण नवारीला कुठलं तोंड? आणि ज्योतीराम? तो भांडला नाही, धावून गेला नाही. तो कोंडाजीकडं नुसता बघत राहिला. बहुतेक त्याला वाटलं, तापात आपल्यालाच काहीतरी भलतं ऐकू आलं.

बबनराव म्हणाला, इथं तोंडाला तोंड नको, उद्या दोघांनी देवासमोर बेलभंडारा उचलावा. गावच्या लोकांना ते पटलं. ज्योतीरामलाही पटलं. त्याला तर हायसं वाटलं. मी खरा आहे, मला कसली भीती, असं तो कस्तुराला म्हणाला. भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची कोंडाजीची छाती होणार नाही, अशी त्याची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तो मला ढकलत देवळापाशी घेऊन गेला, कारण अशक्तपणामुळं धरायला काहीतरी हवं होतं. मला पायरीशी टेकवलं. माणसं गोल करून उभी. आधी कोंडाजी पुढं झाला. त्यानं हात पसरला, पुजाऱ्यानं पान ठेवलं, भंडारा ठेवला. कोंडाजीनं हात वर केला आणि म्हणाला की मी आत गेलो नाही. त्याचा आवाज बसलेला होता. पण हात? हात दगडासारखा स्थिर. हळदीचा कण हलला नाही.

मग ज्योतीराम. त्यानं हात पसरला. पान ठेवलं, भंडारा ठेवला. त्यानं हात उचलायला सुरुवात केली आणि तो हात थरथरायला लागला. कोपरापासून थरथरायला लागला. त्यानं डावा हात लावून उजवा आवरायचा प्रयत्न केला, तर डावाही तसाच. पान घसरलं. भंडारा पायरीवर सांडला.

लोक मागं सरकले. भंडारा सांडला म्हणजे देवानंच कौल दिला, असं त्या माळावरची सगळी माणसं मानत होती. मला सांगा, त्या हातातली थरथर छिन्नीची होती की पापाची? ज्या थरथरीसाठी कस्तुरानं मला बनवलं, जी मी रोज पोटात घेत होते, तीच लोकांनी गुन्हा म्हणून धरली. आणि ती धरणाऱ्यांत त्याच्या खात्यातले लोक होते! रोज त्याच्या शेजारी तीच छिन्नी धरणारे, कॅन्टीनमध्ये त्याच्यासारखेच वाकून चहा पिणारे. त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कस्तुरा बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. पदर खोचलेला, डोळ्यांत पाणी नाही.

"त्यांचा हात मशिनीनं गेलाय," ती म्हणाली. "तुमच्यात आणि कुणाकुणाचा गेलाय? हात पुढं करा की."

एकानंही हात पुढं केला नाही. मला दिसत होतं, एकेकानं आपला हात हळूच खिशात घातला, कुणी पाठीमागं नेला, कुणी टोपी सारखी करायचं निमित्त केलं. संप मिटल्यावर नोकरीवर परत जायचं होतं ना! बबनराव खाली बघत होता. तो लेथवाला, त्याचे हात चांगले होते, त्याला खरंच ठाऊक नसेल. पण बाकीचे? कोंडाजीनं एका मित्राला दगा दिला. या लोकांनी तर काही न करता, काही न बोलता दिला. कुणाचा दगा मोठा हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

संप मिटला. सगळे आत गेले. ज्योतीरामही गेला, पण त्याच्याबरोबर काम करायला कुणी तयार होईना. ओतलेला जड भाग उलटायला दोन माणसं लागतात; त्याच्या भागाला कुणी हात लावेना. कॅन्टीनमध्ये तो बसला की बाक रिकामं व्हायचं. भिंतीवर खडूनं फितूर लिहिलेलं असायचं, तो ते बाहीनं पुसायचा. नोकरी गेली तर दुसरी मिळेल असं तो कस्तुराला सांगायचा. पण फितूर हे नाव घेऊन कुठं जायचं? त्याला एवढंच हवं होतं. कुणीतरी गेटवर उभं राहून सांगावं की आत गेला तो हा नव्हे.

एका दुपारी गेटवर सायकल देता घेता त्यानं कोंडाजीला थांबवलं. दोघांचे हात माझ्यावर होते, एकाचा इकडून, एकाचा तिकडून.

"मला माफी बी नको तुझी," ज्योतीराम म्हणाला. "त्येंना एकदा सांग."

कोंडाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी खोटं सांगत नाही. म्हणाला, जरा थांब, भावाचं पक्कं होऊ दे, मग मीच गेटवर सांगतो, आईची आण. आणि आमचा हा भोळा शंकर थांबला! भावाचं पक्कं झालं. मग कोंडाजी म्हणाला, बापाचं दुखणं जाऊ दे. मग म्हणाला, आता वर्षा-दीड वर्षानं कशाला उकरायचं. तोवर ज्योतीरामच्या हातांची गोष्टही वरपर्यंत पोचली होती. देवळासमोर भर गर्दीत सांडलेला भंडारा कुणी लपवायचा? त्याला कामावरून कमी केलं. त्याच्या छिन्नीवर माणूस हवा होता, म्हणून वरची जागा सांगून तिथं कोंडाजीला नेमलं.

ज्योतीराम आणि कस्तुरा चिंबळी सोडून चाकणला गेली. सायकल त्यानं तिथंच ठेवली. कोंडाजी म्हणत होता, घेऊन जा, तुझीच आहे. ज्योतीराम माझ्याकडं बघतही नव्हता. मला वाटलं होतं तो निदान मला तरी सोडवून नेईल. नाही नेलं. मीच त्याला गोत्यात आणलं होतं, तेव्हा त्याला दोष कसा देऊ? पण लागलं. फार लागलं.

पुढची वर्षं मी कोंडाजीच्या हाताखाली काढली. मनापासून काम करायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण माझ्याच्यानं ते झालं नाही. हादरे आले की ते पोटात घ्यायचे एवढंच मला येतं. छिन्नीनं त्याचेही हात धरले. ते दगडासारखे तळवे हळूहळू सैल पडले, बोटं पांढरी व्हायला लागली, उतारावर हात सोडून हसणं तर कधीच बंद झालं होतं. माझा रंग गेला, हिरवा काठ गेला, तेलानं नि घामानं मी काळीकुट्ट झाले. तरी त्यानं मला काढलं नाही. त्याला माझी गरज होती.

एक्क्याऐंशी सालाच्या सुमारास एका शनिवारी तो चाकणच्या बाजारात आला. कस्तुरा तिथल्या कांद्याच्या वखारीत कांदा निवडायला जायची, ज्योतीराम त्याच वखारीवर राखणदार होता. कोंडाजीनं तिला शोधून काढलं. सायकल तिच्यासमोर उभी केली, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग खाली बघत म्हणाला की वैनी, ही गादी पार गेली, नवी बांधून द्याल का, हाताला काही कळंना झालंय.

काय म्हणावं या माणसाला! मला वाटलं ती त्याच्या तोंडावर कांदा मारील. तिनं त्याच्या बोटांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. ती बोटं तिच्या चांगल्या ओळखीची होती.

"देते," ती म्हणाली. "एकदा खरं बोला, मग देते."

कोंडाजी जवळ सरकला आणि पुटपुटला की मीच गेलो होतो, वैनी, तो नव्हता. इतक्या वर्षांनी ते शब्द मी ऐकले. माझा तर ऊर भरून आला. पण कस्तुरानं मान हलवली. पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी बबनराव उभा होता, बाजाराला आला असावा. त्याच्याबरोबर जुन्या कारखान्यातलीच दोनचार माणसं होती. तिनं त्यांच्याकडं बोट केलं.

"मला ठाऊकच हाय. तिकडं सांगा. मोठ्यानं."

कोंडाजीनं तिकडं बघितलं. तोंड उघडलं. बबनरावनंही ओळखीचं हसून हात वर केला. कोंडाजीनं हात वर करून त्याला नमस्कार केला, तोंड मिटलं आणि सायकल वळवायला लागला. गावात आता त्याचं नाव होतं, भावाचं लग्न होऊन गेलं होतं, पोरगी लग्नाची झाली होती. एवढं सगळं सांभाळायचं म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं काय ते होऊ द्यायचं, नाही का?

कस्तुरानं हँडल धरून ठेवलं. कांद्याची पात कापायचा विळा हातात होताच. तिनं माझी शिवण कापली, वेढे उलगडले, डावीलाही सोडवलं आणि आम्हाला आपल्या पिशवीत टाकलं. उघडं लोखंड धरून कोंडाजी खडीच्या रस्त्यानं निघून गेला.

पिशवीत बसून मी मनात मांडे खात होते. वाटलं, आता ज्योतीरामच्या हातात जाईन. तो मला धरील, ओळखील, कस्तुरा त्याला बाजारातलं सगळं सांगील आणि निदान त्या एका घरात तरी खरं काय ते लखलखीत होईल. ती घरी पोचली. तिनं पिशवी रिकामी केली. ज्योतीरामनं मला उचललं. बोटांत फिरवलं, दाबलं, पुन्हा फिरवलं. रंग तर माझा राहिलाच नव्हता. पण निदान हाताला तरी कळावं ना? इतकी वर्षं त्याच हातात होते मी! त्याच्या बोटांना मी कळलेच नाही.

"काय गं हे?" त्यानं विचारलं.

कस्तुरा चुलीपाशी बसली होती. तिनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं.

"काही न्हाई," ती म्हणाली. "चिंधी हाय."

मला कळतं ती तसं का म्हणाली. खरं बोलायचं म्हणजे कोंडाजीचं सगळं सांगायचं, त्यानं कबूल केलं आणि पुन्हा तोंड मिटलं हेही सांगायचं, आणि मग हा माणूस पुन्हा गेटकडं डोळे लावून बसला असता. मला सगळं कळतं. तरीही तो शब्द मला विळ्यापेक्षा जास्त लागला.

आता मी चुलीवरचं गरम पातेलं उतरवायच्या कामी येते. कस्तुराच्या हाताला चटका बसत नाही, एवढं माझ्याच्यानं अजून होतं. तुमची रीत अशी की शेवटी मी म्हणावं, मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना अडगळीत टाकू नका. नका जपू. मला काही नको. पण तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसावर कधी खोटा आळ आला आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असलं, तर हात खिशात घालू नका. भावाचं पक्कं होऊ दे, बापाचं दुखणं जाऊ दे, असं म्हणत बसू नका. त्याच दिवशी, त्याच गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. ज्योतीरामला आजही चाकणच्या बाजारात कुणीतरी फितूर म्हणून दाखवतं, आणि तो मान खाली घालून वखारीत जातो. मी तिथं होते, मित्रांनो, आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.